पोरगी राहून गेली

माझं नाव सुमन, माहेर भोकरकडलं, दिलं अर्धापूरच्या बाजूला. मालक केळीच्या गाड्या भरायला जात्यात आन् मी अंगणवाडीत मदतनीस, लेकरं गोळा करून आनायची, खिचडी शिजवायची. पहिला पोरगा झाला तवा बाळंतपन लई जड गेलं, तर मालक म्हनले, दुसऱ्याची घाई नको, जरा दम खा. मला पोरगी पायजेच होती, पन म्हनलं हाव, ह्याला शाळेत जाऊ दे, मंग बघू.

तवापासून दिवस न जायची गोळी सुरू झाली. मालकच मेडिकलातून पाकीट आनायचे, तिथं कोन कशाला विचारतंय, बाईचं बीपी किती, तंबाखू खाती का. आन् मी तर मिसरी लावायची, माहेरची सवय, दिवसातून चार-चारदा. डोकं दुखायचं, म्हनायची उन्हाचं आसंल. आशाताई म्हनायची, बीपी मोजून घे, मी म्हनायची उद्या. मधी सासू अंथरुनाला खिळली, तिचं करन्यात वर्षं गेली, उद्या उद्या करत आठ वर्षं झाली, काय सांगू तुम्हाला.

सासू गेल्यावर दोघांनी ठरवलं, हे पाकीट संपलं की बास, आता पोरगी. पाकिटात चार-पाच गोळ्या राहिल्या आसतील, मी लेकरांना खिचडी वाढत होते, आन् छातीवर कोनी पाटा ठेवल्यावानी झालं, डावा हात जड, घामानं लुगडं भिजलं. सेविकाबाई म्हनल्या पित्त हाय, सोडा घे. तासभर तशीच बसले मी, मंग मालकांनी रिक्षात घालून नांदेडला नेलं.

अटॅक निघाला. पस्तिशीबी झाली नव्हती माझी. डॉक्टरीनबाई म्हनल्या, ही गोळी लई बायांना चालती, पन बीपी वाढलेलं, वर मिसरी, तशा बाईनं ही घ्यायची न्हाई, रक्ताच्या गाठी होत्यात, तुम्हाला दुसरा इलाज देता आला आसता. ते ‘आसता’ माझ्या कानातून जाईना.

पुढं तपासायला गेले तवा हिंमत करून विचारलं, बाई, एक लेकरू? त्यांनी माझे कागद बाजूला सारले, म्हनल्या, तुमचं हृदय कमजोर झालंय, आता दिवस गेले तर झेपायचं न्हाई. मालक बाहेर नळावर जाऊन तोंड धुवायला लागले, किती वेळ धुतलं त्यांनी.

मिसरी सुटली. मालकांनी सोताची नसबंदी करून घेतली, गावातले लोक हसले, हसू दे. माझी जाऊ गोळीचं विचाराया लागली तर मी तिला हाताला धरून नर्सबाईकडं नेलं, म्हनलं पहिले बीपी बघा. नीट निघालं तिचं, खुशाल खाती ती. मी कशाला अडवू?

पन जीव ऐकत न्हाई. अंगणवाडीतल्या पोरींच्या वेन्या मीच घालते, माझं काम न्हाई ते. एखादी मांडीवरच झोपती, उठवू वाटत न्हाई.

तुम्हाला लेक हाय म्हनलात ना? तीन वर्षांची? लई आयुष्य लाभू दे तिला. एकदा घेऊन या की हिकडं. सकाळच्यालाच या, आन् केस विंचरू नका तिचे, तशीच आना.