अहो, घाला की ते बूट

...आणि वर हसतात लोक! हसा. पण तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं अंबडला फोमच्या कारखान्यात काढलेला माणूस मी, पॉलीयुरेथेन मला कोण शिकवणार? दोन रसायनं एकत्र ओतली की डोळ्यांदेखत ढोकळ्यासारखं फुगतं ते... तुमचा सोफा तेच, गादी तेच, फ्रिजच्या भिंतीत गारवा धरून बसलेलं तेच, गाडीची सीट तेच, बुटाचा सोलसुद्धा तेच! जन्मभर त्याच्यावर लोळता आणि नाव विचारलं की म्हणता, स्पंज. स्पंज म्हणे!

तर बूट. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आमच्या रोहिणीनं आणलेले, काळे, हलके, त्याच सोलचे. मी म्हटलं, चांगल्या दिवशी घालू. खोकं गेलं कपाटावर. दिवाळी आली, ती म्हणाली, "अहो, घाला की ते बूट." चांगल्या दिवशी! भावाची वास्तुशांत आली, "अहो, घाला की ते बूट." चांगल्या दिवशी! असं करत नऊ वर्षं गेली आणि... दोन वर्षांपूर्वी रोहिणीच गेली. तेव्हापासून, खोटं नाही सांगत, फ्रिज उघडला, सोफ्यावर टेकलो, तिच्या बाजूच्या गादीवर हात पडला, की कानामागे तोच आवाज, "अहो, घाला की ते बूट." भुतं काय काय मागतात म्हणे, कोंबडं, नारळ... आमचं बूटच धरून बसलेलं!

मागच्या महिन्यात आमच्या लेकीचं, तेजस्विनीचं लग्न झालं, चांदवडला. म्हटलं, याहून चांगला दिवस कुठला? काढले बूट. नवेकोरे, चकचकीत. व्याहीभेटीला हाक आली, वाजंत्री सुरू, मी चार पावलं चाललो आणि पायाखाली काहीतरी भुरभुरलं... मागे बघतो तर पांढऱ्या फरशीवर काळा चुरा! आधी टाच गेली, मग चवडा, व्याह्यांच्या गळ्यात पडलो तेव्हा वर बूट आणि खाली नुसते मोजे. नवरदेवाची आजी नवसाबाई चष्मा सावरत म्हणाली, "व्याही, बूट हाय का राखुंडी?" सगळा हॉल हसला. आमची पोरगी तेवढी हसली नाही. तिला माहीत होतं ते बूट कोणी आणले होते.

आणि ते असे का भुरभुरले, हे मला नसेल का माहीत? अहो, गिऱ्हाइकांना मीच सांगायचो, हा माल नुसता ठेवू नका, वापरा, पडून राहिला की हवेतली ओल खातो आणि आतून भुगा होतो!

घरी आलो, रिकामं खोकं ठेवायला कपाटावर हात घातला तर मागे आणखी एक खोकं. तिच्या चपला, माझ्या बुटांबरोबरच जोडीनं आणलेल्या. एकदाही न घातलेल्या. बोट लावलं... भुगा. बाई माझ्यासाठी थांबली होती हो, नऊ वर्षं. मी तिथंच बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी नवे बूट घेतले. आता रोज घालतो, दुधाच्या पिशव्या आणायलासुद्धा. तुम्ही म्हणाल, आवाज थांबला असेल... कसला थांबतोय! आता सोफ्यावर टेकलो की म्हणते, "अहो, घरात तरी काढा की ते बूट."