दोन पॉइंट नऊ मोठं की दोन पॉइंट दहा?

मंडळी, एक विचारतो. बोलणारा खरं बोलला, ऐकणाऱ्याने मनापासून ऐकलं, आणि तरीही घात झाला! मग दोष कुणाच्या पदरात घालायचा? घाई नको. आधी ऐका.

कोकणात कोंडसुरे नावाचं बंदर. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा. पावसाळ्यात हा दांडा झोपेत कूस बदलावी तसा सरकतो! म्हणून मच्छीमार सोसायटीने होड्यांवर यंत्रं बसवली. पडद्यावर एक निळी रेघ. रेघेवरून चला, सुखरूप बाहेर पडा!

ती रेघ आखायची पुण्याची नीलांबरी. सॉफ्टवेअरवाली, पण जीव ओतून काम करणारी! पाऊस सरला तशी तिने रेघेची नवी आवृत्ती पाठवली, दोन पॉइंट नऊ. आठवड्याने कळलं, दांडा आणखी सरकलाय. तिने रेघ सुधारली, पुन्हा पाठवली. नऊनंतर काय? दहा! म्हणून दोन पॉइंट दहा. सोबत निरोप, ‘सगळ्यात नवी आवृत्ती टाका.’

सोसायटीचे सेक्रेटरी दामाजी पागधरे. जन्मभर काट्यावर मासळी तोललेला माणूस. आता सांगा, दोन पॉइंट नऊ किलो सुरमई जास्त, की दोन पॉइंट दहा? बघा, पुढे बसलेल्या काकूंनी लगेच सांगितलं. नऊच! दामाजींनीही तेच केलं. मोठा आकडा म्हणजे नवा! दोन्हींतून दोन पॉइंट नऊ निवडलं आणि सगळ्या होड्यांवर चढवलं.

दोन महिने काही झालं नाही. स्वच्छ उजेडात होडी हाकणारा तांडेल डोळ्यांनीच वाट काढतो ना!

आणि मग मार्गशीर्षातली ती पहाट. धुकं… असं धुकं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, कळेना. होडी जणू ढगातून चाललीय. दामाजींचा धाकटा भाऊ हसूराम सुकाणूवर. सोबत तीन खलाशी.  फक्त पाण्याची चुळुकचुळुक, आणि त्या पांढऱ्या स्वप्नात एकच निळी रेघ. हसूराम रेघेवर विसंबला…

धाड्! होडी दांड्यावर! बाजूने लाट आली, होडी कलंडली. हसूरामचा हात फळीखाली चेचला. छातीभर पाण्यात चौघे दोर धरून उभे. एक खलाशी पातेलं बडवत राहिला. त्या आवाजाच्या मागावर दुसरी होडी आली. माणसं वाचली, मंडळी! होडीच्या मात्र फळ्याच किनाऱ्याला लागल्या.

दुसऱ्या दिवशी नीलांबरी धावत आली. यंत्र बघितलं.

“काका, दहा का नाही टाकलंत?”

“मी मोठं टाकलं, पोरी! दोन पॉइंट नऊ!” दामाजींनी तिला हाताला धरून काट्यापाशी नेलं. “दाखव, दहा मोठं कसं?”

तिने काट्यावरचे आकडे वाचले. तिथे नऊच मोठं! तेवढ्यात पुण्याहून तिच्या साहेबांचा फोन. “सूचना दिली होती ना आपण? चूक त्यांची, अहवालात तसंच लिही!”

काय सोपं होतं हो! एक ओळ लिहायची, सुटायचं!

“नाही सर,” ती म्हणाली, “आकडा मी दिला. चूक माझी लिहिते.”

मग ती हसूरामच्या खाटेपाशी बसली. तो म्हणाला, “तू तर बरोबरच मोजलं होतंस. रडतेस कशाला?”

“काका, मोजलं तुमच्यासाठी. पण तुम्ही कसं मोजता, हे कधी विचारलंच नाही.”

त्या दिवसापासून आकडे गेले. आवृत्तीला तिथीचं नाव आणि साल! आणि दामाजी वाचून दाखवतील, आपल्याला काय समजलं ते सांगतील, तेव्हाच ती आवृत्ती होड्यांवर चढायची.

आता तुम्ही! सुनेला म्हणता, “मी सांगितलं होतं!” बापाला म्हणता, “एवढंही कळत नाही?” अहो, तुम्ही सांगितलंत, पण त्या जिवापर्यंत काय पोचलं, ते विचारलंत? आज घरी गेलात की कुणा एकाजवळ बसा. हळूच विचारा, “मी बोललो, त्यातून तुला काय समजलं?” आणि मग, मंडळी, गप्प राहून ऐका. देव त्या उत्तरात बोलतो.