दाखल्याचा डॉक्टर

आमचं गाव कशेळ्याच्या पुढं, जीपमधून उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि वर चढायचं. आजा भातशेतीवाला, बाप भातशेतीवाला, आणि मी शिकलो म्हणून कंपनीत गेलो. शिकलो म्हणजे दहावीला दोनदा बसलो, पण आमच्या घरात तोवर एकदासुद्धा कोण बसलं नव्हतं, म्हणून मी शिकलेला. मोहोपाड्याला केमिकलच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली ड्रम भरतो. जीपनं कर्जत, कर्जतवरनं कंपनीची बस, संध्याकाळी तेच उलटं. काय सांगू तुम्हाला, अर्धं आयुष्य रस्त्यात गेलं आणि उरलेलं ड्रमात.

तर आमच्या पगारातून विम्याचे कापतात. कामगारांचा सरकारी विमा असतो ना, तो. त्याचं कार्ड मिळतं, आणि आपला डॉक्टर कोण ते लिहून द्यायला लागतं, मग घरातलं कोणीपण आजारी पडलं की त्याच डॉक्टरकडं जायचं, फी नाय, औषधपाणी फुकट, ऐकायला किती गोड. मी कामाला लागलो त्या दिवशी सुपरवायझर बोलला, डॉक्टर कोण लिहू. मला काय ठाऊक, मी मागं बघितलं, मागं सगळी जुनी माणसं उभी, ती बोलली, बाजारामागचा लिव रं, तो दाखला देतो. मी लिहिला. डॉक्टर कसा हाय, औषध लागू पडतं का, ते मी विचारलं नाय आणि त्यांनीपण कधी विचारलं नव्हतं.

दाखला कशाला, ते तुम्हाला समजावून सांगायला लागेल. आमच्याकडं आवणीला, म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची असतात तेव्हा, घरातलं झाडून सगळं माणूस शेतात लागतं. पाऊस कोणासाठी थांबत नाय आणि ठेकेदार रजा देत नाय. मग आजारपणाचा दाखला आणायचा. त्या दिवसांत आमच्या अख्ख्या खात्याला एकदम जुलाब होतात. परत येतात तेव्हा सगळ्यांच्या पायाला चिखल्या, पाठी उन्हापावसानं काळ्या, आणि चेहऱ्यावर तेवढा अशक्तपणा आणायचा. मला तो फार छान जमायचा, एकदा साहेबानं मला स्वतःची खुर्ची दिली होती बसायला.

मग सुनंदाचं सुरू झालं, सुनंदा म्हणजे आमची मंडळी. उन्हाळ्यात राब भाजतात, पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा जाळतात, त्या धुरानं तिला धाप लागायची. आधी उन्हाळ्यापुरती, मग बाराही महिने. हंडा घेऊन चढताना मधेच खाली बसायची आणि मला हातानं खूण करायची, तुमी व्हा पुढं. लग्न झाल्यापासून ही बाई मला कशातच पुढं होऊ देत नव्हती, तेव्हा मी घाबरलो.

एक दिवस खाडा केला आणि तिला घेऊन मोहोपाड्याला गेलो, बाजारामागं. जीपमध्ये धाप, बसमध्ये धाप, दवाखान्याच्या जिन्यावर तर तिचे ओठ काळेनिळे झाले. आत गेलो तर डॉक्टर मान खाली घालून लिहीत होता. बोलला, किती दिवसांचा पायजे. मी बोललो, दाखला नको डॉक्टर, हिला बघा. तर त्यानं मान वर केली, बघा म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा कळलंच नाय बहुतेक. छाती तपासायची नळी मागं भिंतीवर टांगलेली, देवाच्या फोटोच्या खिळ्यालाच, आणि फोटोची उदबत्ती तिच्या रबराला लागून लागून ते चिकट झालेलं. ती काढायला उठावं लागलं असतं, म्हणून तो उठला नाय. तिथूनच बोलला, दमाबिमा असेल, बायकांना असतो, आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या कागदात बांधून. त्याच गोळ्या मला जुलाबाला देतो. मला किळस आली हो, त्याची आली आणि त्याच्यासमोर इतकी वर्षं पोट धरून उभा राहणाऱ्या माझी पण आली. बाहेर आलो तर रांगेत आमच्याच खात्यातला तुकाराम, हसून बोलला, काय दादा, वहिनीलापण रजा का.

मग कर्जतला शोधलं. एक डॉक्टर सापडला, बाहेर पाटी, विम्याचं कार्ड चालेल. आत पंखा होता, खुर्च्या होत्या, टेबलावरच्या बाईनं कार्ड दोन बोटांत धरलं, मेलेलं झुरळ धरतात तसं, आणि बोलली, कार्डवाले बाहेर बसा. बाहेर म्हणजे चपला काढतात तिथं. फीवाले आले, गेले, आमच्या चपलांवर चपला काढून गेले. शेवटी डॉक्टर स्कूटरची चावी हातात घेऊन बाहेर आला, उभ्या उभ्या सुनंदाला जीभ काढायला लावली आणि उद्या या बोलला. सुनंदानं जीभ आत घेतली नाय लवकर, मला वाटतं तिनं ती मुद्दाम तशीच ठेवली.

त्यानंतर ती बोलली, मला कुठं नेऊ नका, मी काय बाजारातली कोंबडी हाय का दारोदार दाखवायला.

आणि मग डॉक्टर तिलाच सापडली. कशेळ्याच्या बाजारात करवंदं विकायला वाडीवरची ठाकरीण बसते, तिच्यासमोर सुनंदाला धाप लागली. तिनं टोपली तशीच टाकली, हिचा हात धरला आणि समोरच्या दवाखान्यात नेऊन बसवली, चल गं बाय, ही पोरगी बरी हाय. पोरगी म्हणजे डॉक्टरीण, नवीन आलेली, आणि विम्याच्या यादीत तिचं नाव, आम्हाला पत्ताच नाय. तिनं हिची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली, चूल कुठं हाय विचारलं, राब कोण भाजतं विचारलं, तोंडात ओढायचा पंप दिला आणि स्वतःसमोर दोनदा ओढायला लावला. तो पंप कायमचा लागणार, आणि विकत घेत बसलो असतो तर आमच्यानं झेपलं नसतं. कार्डावर नाव बदललं तर तो फुकट.

मी तिला विचारलं, मॅडम, दाखला देता ना. ती बोलली, आजारी असाल तर देईन. मी घरी येऊन हेच सांगितलं तर माझा थोरला भाऊ, नाना, बोलला, म्हणजे नाय देत. मग आवणी कोण करणार, मी एकटा का, कार्डावरनं मोहोपाड्याचं नाव काढू नको रं, सुनंदाला काय बरं वाटेल हळूहळू. सुनंदा दारात बसली होती. बोलली, भावजी, मी मेले की ह्यांना चांगली तेरा दिवसांची रजा मिळंल, खरी, तेव्हा घ्या आवणी उरकून. नाना उठून गेला.

मी नाव बदललं. यंदा आवणीला त्या डॉक्टरणीकडं गेलोच होतो, सवय असते ना, पोट धरूनच गेलो. तिनं मला झोपवलं, पोट चारी बाजूंनी दाबलं आणि बोलली, पोट उत्तम हाय, घरी जा. मग सुट्टीच्या दिवशी जेवढं झालं तेवढं लावलं, दोन खाचरं तशीच राहिली, त्यांत गवत हाय. नाना अजून बोलत नाय. सुनंदा बोलते, त्याच्या वाट्याचं पण बोलते, न थांबता, हंडा डोक्यावर घेऊन बोलते. ऐकून घेतो.

पण परवा ती पोरगी मला बोलली, काका, तुमच्या कंपनीतले अजून कोणी येतील का, सरकार मला माणसांच्या नावांवर पैसे देतं आणि नावं फार थोडी हायत, अशानं दिवाळीनंतर मला विम्याचं बंद करावं लागेल. मी खात्यात सगळ्यांना सांगितलं. ड्रम सोडून सांगितलं. तुकारामाच्या बापाला तर दोन पावलं चालवत नाय, त्यालापण सांगितलं. सगळ्यांनी एकच विचारलं, दाखला देते का. मी खोटं बोललो असतो, मला जमतं ते, पण पुढच्या आवणीला तिच्या दारात हीच माणसं भांडायला उभी राहिली असती. नाय देत, बोललो. सगळे परत ड्रमाकडं वळले. तोंडात थुंकी आली माझ्या.

तर तुमी हे लिहिताय ना, मग येवढं नीट लिवा. त्या पोरीला देव उदंड देवो. कशेळ्याला तिचा बाक रिकामा हाय, ज्याच्या घरात खरंच कोण आजारी हाय त्यानं दिवाळीच्या आत यावं. बाकीच्यांनी मोहोपाड्याला जावं, तिथं धडधाकट माणसांची चांगली सोय हाय.