दप्तरातली कातर

केराबाई : शाळा सोडल्याचा दाखलाच आणलाय न्हवं? मग त्यापायी एवढ्या उन्हात भवानी पेठंत कशाला आलात, बाई? शिपायाकडं धाडला असता तरी चाललं असतं.

धनलक्ष्मीबाई : दाखला नाही आणला, केराबाई. मी मायाक्काला बोलवायला आलेय. सोमवारपासून दहावीची सराव परीक्षा आहे. पंधरा दिवस झाले, ती वर्गात नाही.

केराबाई : पंधरा न्हाय, सतरा. बसा की. ती टॉवेलची चवड सरकवा, कडा शिवायच्या राहिल्यात. मायाक्के, बाईंना पाणी दे.

धनलक्ष्मीबाई : असू दे, असू दे.

केराबाई : उठायची न्हाय ती. तितं कोपऱ्यात पाठ करून दोरे कातरत बसलीया बघा. माझ्याशी बी बोलत न्हाय. उद्या तिचा मामा येतोय सांगोल्याकडनं. त्याच्यासंगं जायचं म्हणती, मेंढरांमागं.

धनलक्ष्मीबाई : मेंढरांमागं? अय्यो, मायाक्का! वर्गात पहिल्या पाचात येणारी मुलगी तू.

केराबाई : तुमीच हॉलात सांगितलं न्हवं का, समद्या आयाबायांफुडं? मोबाइलमधी गोळ्या घालता घालता पोरी हत्यार घिऊन शाळंत याया लागल्या म्हणून. नाव न्हाय घेतलं तुमी, पर पडद्यावर फोटू तिच्याच दप्तराचा. त्याला मी लावलेलं निळं ठिगळ कुणाला ठाव न्हाय? आता नळावर गेलं की बाया घागर उचलून बाजूला हुत्यात.

धनलक्ष्मीबाई : तेच बोलायला आलेय मी. दप्तर तपासताना मोबाइलबरोबर मिळालेली ती कातर मेंढरांची लोकर कातरायची होती. हत्यार नव्हतं. हे मला कळलंय.

केराबाई : कवा कळलं?

धनलक्ष्मीबाई : कळलं.

केराबाई : कवा, म्हणते मी?

धनलक्ष्मीबाई : त्याच दिवशी संध्याकाळी. आमचा शिपाई बसलिंगप्पा टेबल आवरायला आला होता. त्यानं कातर हातात घेतली आणि म्हणाला, 'बाई, ही तर धनगराच्या घरातली. सकाळी ती पोरगी मला विचारत होती, धार लावणारा कुठं बसतो म्हणून.'

केराबाई : आन् हत्याराची बातमी पेपरात कवा आली?

धनलक्ष्मीबाई : दुसऱ्या दिवशी सकाळी.

केराबाई : म्हंजी मधी एक रात हुती.

धनलक्ष्मीबाई : होती. वार्ताहराचा नंबर होता माझ्याकडे. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आता खोटं कशाला बोलू? ह्या गोळीबाराच्या मोबाइल गेमवर बंदी आणा म्हणून दोन वर्षं मी ओरडतेय, कुणी लक्ष देत नव्हतं. त्या एका फोटोनं सगळे जागे झाले. कलेक्टर ऑफिसला द्यायच्या निवेदनावर चारशे सह्या झाल्या. मी मनाची समजूत घातली. म्हटलं, कातर कशाचीही असो, काम तर चांगलंच होतंय.

केराबाई : झालं की चांगलं. चारशे लोकांचं.

धनलक्ष्मीबाई : रविवारी माझा सत्कार आहे, केराबाई. काल पत्रिका आली छापून, तिच्यावर तोच फोटो. मोबाइल आणि कातर शेजारी शेजारी. तो फोटो मीच काढला होता. कातर तर दप्तरात तळाशी होती, पोत्याच्या फडक्यात गुंडाळून, वर गाठ मारलेली. मी गाठ सोडली. फोटोत नीट दिसावी म्हणून पाती फाकवून ठेवली. काल पत्रिका बघून मला माझ्या हातांची लाज वाटली. जेवताना घास उचलवेना.

केराबाई : ती गाठ माजी हुती.

धनलक्ष्मीबाई : तुमची?

केराबाई : कातर म्या घातली दप्तरात. भावाची हाय. त्यानं निरोप धाडला, धार लावून ठेव, आलो की मेंढरं कातरायची हायती. मला कुटला येळ? म्हणलं, शाळंकडं धार लावणारा बसतोय, मधल्या सुट्टीत दिऊन ये. पोरगी नको म्हणत हुती. 'आई, हल्ली दप्तरं तपासत्यात' म्हणली. म्याच दामटलं तिला. म्हणलं, कातर हाय, काय बॉम्ब हाय का?

धनलक्ष्मीबाई : पण त्या दिवशी ऑफिसात मी तुम्हाला विचारलं होतं...

केराबाई : व्हय, विचारलं. पर शेजारी हवालदार उभा हुता. तुमी म्हणला, ही तुमच्या घरातली का? म्हणलं, न्हाय, मला काय ठाव न्हाय. वाटलं, व्हय म्हणलं तर भावाला बी आत घालतील आन् मला बी. आन् वर तिच्याच थोबाडीत दिली, समद्यांफुडं. चूक माजी, आन् मार तिला. आई म्हणायची लायकी न्हाय माजी.

धनलक्ष्मीबाई : आणि ती एक शब्द बोलली नाही. नुसती तुमच्याकडे बघत राहिली. मी ते बातमीत लिहून दिलं, केराबाई. 'विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.' अशा गेम खेळून मुलांच्या भावना मरतात, असंही त्याला जोडलं.

केराबाई : ती मला वाचवत हुती, बाई.

(मायाक्का उठते, तांब्या-पेला बाईंसमोर ठेवते आणि तिथंच बसते.)

धनलक्ष्मीबाई : मायाक्का, ती गेम तू...

मायाक्का : खेळते मी. आमी चौघी खेळतो. रुपाली, सोनम, सिद्धेश्वरी आन् मी. रोज संध्याकाळी अर्धा तास. मी जास्त मारत न्हाई, मला नेमच जमत न्हाई. मी मलमपट्टीला असते. कुणी पडलं की पळत जायचं, पट्टी बांधायची, उभं करायचं.

धनलक्ष्मीबाई : मलमपट्टी?

मायाक्का : असतंय त्यात. तुमी कधी उघडून बघितली न्हाई ना? त्यात कुणी कुणाला मारलं की वर लगेच नाव येतं. ह्यानं त्याला मारलं म्हणून. सगळ्यांना दिसतं, लपवता येत न्हाई.

केराबाई : अगं, बाईंना असं बोलू ने.

मायाक्का : तू गप, आई.

केराबाई : बोलली! सतरा दिसांनी बोलली गं माझ्याशी. गप म्हणली तर गप बसते. बोल तू, बोल.

धनलक्ष्मीबाई : मायाक्का, गेम चांगली आहे असं मी आजही म्हणणार नाही. तुमच्या वयाच्या मुलांनी तासन् तास माणसं मारायची, हे मला पटत नाही.

मायाक्का : नका पटवून घेऊ. करा की बंद, आमी दुसरं काय तरी खेळू. पर त्यासाठी मला कशाला धरलं? मी कुणाला ओरबाडलंय का आजवर? तुमीच मागच्या वर्षी गुणपत्रिकेवर लिहिलं होतं, शांत आणि मनमिळाऊ म्हणून.

धनलक्ष्मीबाई : लिहिलं होतं.

मायाक्का : त्या दिवशी सिद्धेश्वरीच्या दप्तरात बी मोबाइल मिळाला. त्यात बी तीच गेम.

धनलक्ष्मीबाई : तो मी परत दिला. तिच्या वडिलांना फोन केला आणि दिला.

मायाक्का : कातर तिच्या दप्तरात मिळाली असती तर?

धनलक्ष्मीबाई : तिच्या घरचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे...

मायाक्का : मग?

धनलक्ष्मीबाई : मग मला वाटलं असतं, दुकानातली असेल.

मायाक्का : नुसतं वाटलं असतं, का विचारलं असतं?

धनलक्ष्मीबाई : विचारलं असतं. तिला बाजूला घेऊन विचारलं असतं, 'बाळ, ही कशाला आणलीस?'

मायाक्का : मला न्हाई विचारलं.

धनलक्ष्मीबाई : नाही.

मायाक्का : हवालदार येईपर्यंत अर्धा तास मी तुमच्यासमोर उभी होते. एकदा बी न्हाई.

धनलक्ष्मीबाई : तू धनगराची म्हणून. भवानी पेठेत एका खोलीत राहणारी म्हणून. मला वाटलं, असेलच. सव्वीस वर्षं मी शिकवतेय, आणि आपण असं कधीच करणार नाही असं मी सगळ्यांना सांगत आलेय. सत्काराला येत नाही म्हणून आजच कळवते. पेपरलाही पत्र लिहिते.

मायाक्का : पत्र कोण वाचतंय, बाई? आतल्या पानावर कुठं तरी बारीक अक्षरात येतंय ते. सोमवारी प्रार्थना झाल्यावर माईकवर सांगा. आता बोललात तेच. आयाबायांना बी बोलवा.

धनलक्ष्मीबाई : सगळंच?

मायाक्का : सगळंच. एका रातीचं बी, आन् सिद्धेश्वरीचं बी.

केराबाई : मी बी येते. कातर कुणी घातली आन् थोबाडीत कुणी दिली, ते मला सांगायचंय. मग हवालदार असू दे न्हाय तर आणि कुणी. भावाला म्हणते, दोन दिस ऱ्हा हितंच.

धनलक्ष्मीबाई : केराबाई, तुमच्या ह्या खोलीत बोलले कशीबशी. तिथं सहाशे मुलं असतील, सगळे शिक्षक असतील. माझ्या तोंडून शब्द निघेल का, खरंच सांगता येत नाही.

मायाक्का : न्हाई निघाला तर मी दाखला घिऊन मामासंगं जाईन.

धनलक्ष्मीबाई : आणि निघाला तर परीक्षेला बसशील?

मायाक्का : मी दहावीच्या रांगेत असते, पुढून दुसरी. माझ्याकडं बघून बोला, म्हंजे जमंल.