दोन्ही याद्यांत नसलेलं नाव

हॅलो? … हो ताई, मीच. … चार वाजून वीस मिनिटं झालीत आणि पान सत्तावीस मी छपाईतून काढून घेतलंय. … हो, मीच काढलं. मशीनवाल्यांवर ओरडू नकोस, त्यांचा काही दोष नाही.

… अगं ऐक ना. … शुद्धलेखनाची चूक असती तर मी अख्खं पान काढलं असतं का? एकतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली मी. … सहाला मशीन सुरू होणार, माहीत आहे. रविवारी भाऊजींची पंचाहत्तरी, गौरवग्रंथ त्याच दिवशी हवा, तेही माहीत आहे. … पत्रिका वाटून झाल्या, तेही. … अशी कुजबुजतेस का? … पाहुणे बसलेत? बसू देत. दार लोटून घे.

हं. पान सत्तावीस. ‘आमदारकीची दहा वर्षं.’ त्यात भाऊजी सांगतात, कारखान्यांतले बॉयलर दरवर्षी तपासायचं विधेयक आलं, मी त्यावर बोललो, बाजूनं मत दिलं, आणि ते एका मतानं पडलं. … बरोबर, घरात सगळ्यांना पाठ आहे. मलाही होतं. पण छापायचं म्हणजे ताडून बघायचं, म्हणून आज सकाळी सभागृहाच्या ग्रंथालयात गेले. … बोलले का? हो, मतदानाच्या आदल्या दिवशी, अकरा पानं बोललेत. नाव न घेता सगळं आपल्या दादावरच आहे. … एका मतानं पडलं? तेही खरं. बाजूनं एकशे अठरा, विरोधात एकशे एकोणीस.

… मत? तिथंच तर घोडं अडलंय. याद्या दोन असतात, ताई. एक बाजूच्यांची, एक विरोधकांची. भाऊजी दोन्हींत नाहीत. … पट्टी धरून वाचल्या. तीनदा.

… काय म्हणालीस? सख्खी मेहुणी असून? … वा! म्हणजे परकी असते तर खरं बोलायची मुभा होती? … मी आवाज चढवत नाहीये, तूच… बरं, चढवतेय. चढवणारच! दादा काय तुझा एकटीचा होता? बॉयलर फुटला तेव्हा ओळख पटवायला मी गेले होते. चपलेवरून ओळखलं त्याला. आणि आई मरेपर्यंत शेजारणींना सांगत होती, माझ्या जावयानं माझ्या लेकासाठी हात वर केला. … कसला हात वर! जावई सभागृहातच नव्हता!

… रडू नकोस. … रडू नकोस गं. … तारीख? तारखेचं काय? … एकोणीस मार्च. … हो, एकोणीसच. मतदान दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी. … ताई?

… अगं बाई. बाबीचा वाढदिवस. … नाही गं, तारीख मी नुसती पान शोधायला वापरली, भाची माझ्या डोक्यातच आली नाही. … सकाळपासून? सकाळपासून तुझ्या उशाशी होते? … पण ते तर म्हणायचे, मत देऊन रात्री दवाखान्यात आलो. … हो, आठवतंय. सातवा महिना. दोघींपैकी एकच हाती लागेल म्हणाल्या होत्या डॉक्टरबाई.

मग हे सांगायला काय झालं होतं? बायको मरणाच्या दारात होती म्हणून गेलो नाही, एवढं एक वाक्य! त्यावरून आईनं जावयाला सुळावर चढवलं असतं? … काय केलं होतं? … जोडी? … हो, ठाऊक आहे मला. आपल्यातला एक येणार नसेल तर समोरच्यांतलाही एक बाहेर राहतो, म्हणजे पारडं जिथल्या तिथं. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. … म्हणजे भाऊजींच्या लेखी ते मत दिल्यासारखंच होतं. … हं. … नाही, तसं असेल तर मी समजू शकते. खरंच. मग तसंच छापू या. दवाखान्यात होतो, जोडी केली होती. चार ओळी, बसवते मी. जोडी कोणाशी, तेवढं सांग.

… कोण? … ‘कागदवाले’? कागद गिरणीचे मालक? रविवारचे प्रमुख पाहुणे? ह्या ग्रंथाचा कागद ज्यांनी फुकट दिलाय, तेच?

… थांब. थांब जरा. यादीची नक्कल आहे माझ्यासमोर. … विरोधात… साठ… एकसष्ट… चौसष्ट.

ताई, ते आहेत. … आहेत म्हणजे आहेत! भाऊजींना शब्द देऊन आत गेले आणि विरोधात मत दिलं! … त्याच नावाचा दुसरा कोणी? पुढं मतदारसंघ छापलाय, बाई. … अगं, शब्द पाळला असता तर एकशे अठराला एकशे अठरा. मग अध्यक्षांना मत द्यावं लागलं असतं. … कुठं दिलं असतं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. ते कळायची वेळच ह्या माणसानं येऊ दिली नाही!

… भाऊजींना माहीत नाही? चौतीस वर्षं? … यादी कधी उघडलीच नाही? … हो, आपलं नाव नाही हे ठाऊक असलेली यादी कोण उघडेल. आणि तो चौतीस वर्षं तुमच्या ताटावर जेवतोय.

… पुढच्या आवृत्तीत? नाही ताई. … समारंभ झाल्यावर? मुळीच नाही. भाऊजींना फोन दे. … बाहेर पाहुण्यांपाशी आहेत? मग पाहुण्यांना म्हणावं, दोन मिनिटं… … कोण पाहुणे?

… कागदवाले? आत्ता? तुमच्या बैठकीत? … भाषणाचे मुद्दे घ्यायला. वा! चहा दिलास ना? साखर बरोबर पडली ना?

ऐक. फोन घेऊन बाहेर जा. तू काही बोलू नकोस, तुला जमणार नाही. टेबलावर ठेव आणि स्पीकर लाव. वाचायचं काम माझं, जन्मभर तेच केलंय. … नको म्हणू नकोस. ह्याच एकोणीस मार्चला भाऊजी तुला सोडून गेले नाहीत ना? मग त्यांनाही खरं कळू दे. … गेलीस? … हं.

हॅलो, भाऊजी. मी बोलतेय. पान सत्तावीसबद्दल एक शंका आहे, पाहुण्यांनाही विचारायची आहे. एकोणीस मार्च, चार वाजून पाच मिनिटं. विरोधात, अनुक्रमांक चौसष्ट… … भाऊजी? … कोणी उचलला? … हॅलो? … हॅलो?

… अहो मशीनवाले, घड्याळात किती? … पावणेपाच. … तुटला नाही, ठेवला. कोणी ठेवला ते कळलं नाही. … नाही, पान सत्तावीस अजून माझ्याकडेच आहे.