पाळी कोणाची?

...नाही, यशोदाबाई, बसा. चहा अर्धा टाकून उठायचं नाही. आणि प्रश्न पूर्ण विचारा. ‘पाळी चुकली का’ — कोणाची? षष्ठी विभक्ती कुठे गेली? स्वरूपाची? चार वर्षं दर महिन्याला सुनेला हेच विचारता, आणि आता म्हणता, तिला राजगुरुनगरला माहेरी धाडायची, नवनाथला दुसरी बघायची. बघा — पण आधी सांगा, तुमच्या मुलाची पाळी कोणती चालू आहे? हसू नका. एक आठवडा पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी — चाकणच्या कंपनीत ती चार वर्षं फिरतेच आहे. शब्द एकच; चौकशी मात्र तुम्ही एकीचीच केलीत. जन्मभर शाळेत श्लेष शिकवला मी, पण इतका चपखल कधी सापडला नव्हता.

पुरुषाचा काय संबंध? आहे ना. पुरुषाचं संप्रेरक — हार्मोन म्हणा — बरंचसं झोपेत तयार होतं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. त्याला उजेड कळतो, अंधार कळतो, कंपनीचा भोंगा कळत नाही. झोप सारखी मोडली की संप्रेरक उतरतं, शुक्राणूही कमी पडू शकतात. तोंडाला पदर कशाला? शुक्राणू हा निर्मळ तत्सम शब्द आहे. आणि हे माझं नव्हे, भोसरीच्या डॉक्टरीणबाईंचं — रिपोर्ट पाहून म्हणाल्या, स्वरूपा ठणठणीत आहे, नवनाथनं — म्हणजे कोणत्याही पुरुषानं — तीन महिने नीट झोपून पाहावं, मग पुन्हा तपासू. झोप हे एकच कारण नसतं, पण सुरुवात तिथून. मी तिथे कशी? रिक्षात जागा होती. असो.

तो आवाज? फ्रिज. जुना झाला, घोरतो.

तुमच्याकडे, खालच्या मजल्यावर, दिवसा डोळा लागणार कसा? मिक्सर, टीव्ही, दारात भाजीवाला, आणि तासातासाला तुमचं ‘नवनाथ, जेवतो का रं’. इथे बघा — मागच्या खोलीला काळे पडदे लावले, दारावरची बेल काढून ठेवली, काल तर दुपार टळली तरी कूस बदलली नाही पठ्ठ्यानं —

फ्रिजनं.

बरं. फ्रिज कूस बदलत नाही, मान्य. तो तुम्हाला सांगतो तसा ओव्हरटाइम वगैरे काही नाही, यशोदाबाई. रात्रपाळी असली की तो सकाळी इथे येऊन झोपतो. ‘बाई, आईला सांगू नका’ म्हणाला होता. लाजेनं, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, ते त्यालाच विचारा — उठल्यावर. पण स्वरूपाला तर सगळं ठाऊक होतं ना? तुम्ही माहेरी धाडायला निघालात, तरी नवऱ्यावर बोट दाखवलं तिनं? नाही. खाली मान घालून ऐकत राहिली. अशी सून बदलायला निघालात तुम्ही.

आता डोळ्यांना पदर. बघायचंय? दारातूनच बघा — हं, झालं. लहानपणीही असाच पालथा झोपायचा? उद्या सांगा, आत्ता नको.

फोन कोणाला, कामावर गेलेल्या स्वरूपाला? करा, पण जिन्यात जाऊन. आणि आज ते नेहमीचं विचारू नका; जेवलीस का, एवढंच विचारा. चप्पल हातात घ्या, वाजते ती.