सही करण्याआधी नीट वाचा

…नाही, पण सही कशाला हवी, सांगा ना! पोरगी गाडी चालवणार स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, हातपाय स्वतःचे, आणि ट्रॅकच्या दारातच एक माणूस पुठ्ठ्यावर कागद लावून उभा, म्हणतो, "काका, तुम्हीही सही करा, आत येणाऱ्या प्रत्येकाची लागते." मी म्हटलं, कशावर? तर म्हणे, "की तुम्ही आलात ते स्वतःच्या जबाबदारीवर." अहो, चार पानं! बारीक अक्षर! आणि चारी पानांत शोधून बघा, त्यांची जबाबदारी म्हणून एक ओळ नाही! तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच संशय आला!

आता तुम्ही म्हणाल, काकांना संशयाची सवयच आहे. आहे! ती माझी नोकरी आहे! एकतीस वर्षं लिफ्ट तपासतोय मी. दोर, ब्रेक, दाराची कडी, सगळं हातानं चाचपल्याशिवाय सही करत नाही. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तर आमची ही लिफ्टनं सहाव्या मजल्यावर जाते, चहा पिऊन कप विसळून ठेवते, तेव्हा मी धापा टाकत जिन्यावरून उगवतो. का? तर लिफ्टमधल्या कागदावर तपासणीची तारीख पुसट होती!

आणि अशा माणसाच्या पोटी ही लेक! फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे मोडके गुडघे सरळ करते आणि सुटीच्या दिवशी वळणावर गाडी आडवी करून स्वतःचा गुडघा जमिनीला टेकवायला मोटरसायकलच्या ट्रॅकवर जाते! मी म्हटलं, का गं? तर म्हणते, "बाबा, रस्त्यावर समोरून ट्रक येतो, कुत्रं येतं, फोनवर बोलणारा येतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, रुग्णवाहिका उभी असते, डॉक्टर असतो. ते सुरक्षित आहे." सुरक्षित आहे, तर रुग्णवाहिका कशाला? हां? आला की नाही संशय?

म्हणून मी बरोबर गेलो. "नुसतं बघायचं हं बाबा, कोणाशी वाद घालायचा नाही," असं वदवून घेतलं तिनं माझ्याकडून.

बरं, आत गेलो. एक मोठी शेड, सत्तरेक गाड्या, आणि माणसं सगळी नखशिखांत चामड्यात, चालताना नुसती करकर करकर. मधे एका खुर्चीवर हातात भोंगा घेऊन एक गृहस्थ उभे. "मंडळी, ही शर्यत नाही! इथे कोणालाही बक्षीस नाही! पिवळा झेंडा दिसला की सावकाश, लाल दिसला की हळूहळू परत! थकलात तर थांबा! तुम्ही थकलात हे तुम्हालाच कळणार, मला नाही!" बघा! पुन्हा आमच्यावरच ढकललं! शर्यत नाही म्हणतो आणि शेजारचा चामड्यातला माणूस टायरला हात लावून नमस्कार करतोय!

मग गाडी तपासणी. तिथे एक बाई. उंच, केस बारीक कापलेले, कपाळाला टॉर्च बांधलेला. अक्षरशः जमिनीवर आडव्या पडून गाडीच्या पोटाखाली बघत होत्या. पुढच्याची गाडी त्यांनी परत पाठवली, का, तर पडल्यावर काचा होतात म्हणून काढायचे ते आरसे काढले नव्हते. मला बाई आवडल्या… पण म्हटलं, बघू, किती खोलात जातात ते. आमची गाडी आली. टॉर्चवाल्या बाईंनी चाक हलवलं, ब्रेक दाबला, खाली वाकल्या… आणि थांबल्या. बोट फिरवलं, वर काढलं. काळं, चकचकीत.

"तेल गळतंय. इंजिनाखालचा बोल्ट हातानं फिरतोय हा. आणि सुटू नये म्हणून याला तार का नाही बांधली? नियमांच्या कागदावर लिहिलं होतं ना?"

लेक म्हणाली, "गॅरेजमधून करून आणलंय परवा. हो ना बाबा?"

आता इथे… इथे जरा थांबतो. पाणी पितो.

त्याचं काय आहे, लेकीनं मला सांगितलं होतं की तेल बदलायला आणि बोल्टला तार बांधायला गाडी नटबोल्टकडे द्या. नटबोल्ट म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला गॅरेजवाला, सगळे त्याला तेच म्हणतात. मी गाडी घेऊन निघालोही. पण त्याच्या दारात जुन्या तेलाचा डबा दिसला, उघडा. मला तेव्हाच संशय आला, की हा जुनंच तेल गाळून परत भरत असणार! लगेच गाडी वळवली, इमारतीखाली आणली आणि तेल मीच बदललं. तारेचं काय, तर म्हटलं, तार कशाला, माझा हात आहे! इंजिनाखालचा तो बोल्ट बोटांनी बसवला, पाना हातात घेतला, तेवढ्यात वरून आमची ही ओरडली, "पान वाढलंय, गार होतंय!" मी गेलो. जेवलो. खाली येऊन हत्यारं पुसून ठेवली. आणि इतका संशयी माणूस मी, सबंध जगावर डोळा ठेवून असतो, तेव्हा मात्र मला काही म्हणजे काही संशय आला नाही!

"हो ना बाबा?" लेक विचारतेय. बाई बघतायत. मागं रांग. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं…

"हो तर! गॅरेजवालाच तसला! मला आधीपासूनच संशय होता त्याचा!"

हसू नका! तुम्ही काय केलं असतंत?

टॉर्चवाल्या बाई उठल्या. आवाज चढवला नाही हो त्यांनी, तेच वाईट. म्हणाल्या, "दुसऱ्या फेरीत हा बोल्ट पडला असता. सगळं तेल मागच्या चाकावर. ताई पडल्या असत्या ते वेगळं, त्यांच्या मागून येणारे चार जण त्याच तेलावर आले असते. अशा माणसाला फोन करून सांगा तरी."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. तिनं तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. मी म्हटलं, अगं, राहू दे, तो कामात असेल… ऐकते कुठली!

"दादा, तुम्ही माझ्या गाडीचा बोल्ट सैल ठेवलात? मी मेले असते आज!"

पलीकडे आधी पत्र्यावर हातोडी वाजत होती, ती बंद झाली. मग नटबोल्टचा आवाज. "ताई… तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

"नाही. आधीच सापडलं."

"देव पावला. ताई, मला तर तुमची गाडी आल्याचं आठवत नाही हो… मी परवा दुपारी नव्हतो, भावानं घेतली असेल. तो असं करत नाही, पण… नाही, केलं असेल. गॅरेज माझं आहे, म्हणजे चूक माझी. तुम्ही गाडी हलवू नका, मी येतो तिकडे. दोन तास लागतील, पण येतो. तार घेऊन येतो."

तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं तो हात वर करील, उलटा आमच्यावर ढकलील, शिव्या देईल. म्हणजे मी त्याच तयारीत होतो! आणि हा न केलेल्या चुकीची माफी मागतोय. पलीकडे भावाला हाक मारतोय, "अरे, परवा ताईंची गाडी तू घेतली होतीस का रे?" आणि तो भाऊ बिचारा म्हणतोय, "मी? नाही… की घेतली होती?" स्वतःवरच संशय घ्यायला लागला हो तो!

मी एकतीस वर्षांत सैल बोल्टसाठी किती इमारतींच्या लिफ्ट बंद पाडल्यात! समोरचा मेकॅनिक सांगायचा, साहेब, मी नाही, आधीच्यानं केलं. मी काय म्हणायचो त्याला? जाऊ द्या, ते इथे सांगण्यासारखं नाही.

"मी केलं," मी म्हणालो.

लेक म्हणाली, "काय?"

"बोल्ट. मी. गाडी त्याच्याकडे नेलीच नाही. घरी केलं. जेवायला गेलो आणि आवळायचा राहिला."

शेडमधली ती करकरसुद्धा बंद! लेक माझ्याकडे असं बघत होती ना… लहानपणी तिचा सायकलवरून पडून दात तुटला, तेव्हाही एवढा हललो नव्हतो मी.

मग फोनमधून नटबोल्ट म्हणाला, "काका, ताई ठीक आहेत ना? मग झालं तर," आणि ठेवून दिला. झालं तर! एवढंच! एखाद्यानं चार शिव्या द्याव्यात की नाही? जेवण तरी गेलं असतं मला त्या दिवशी!

टॉर्चवाल्या बाईंनी पाना माझ्याच हातात दिला. "झोपा खाली. तुम्हीच आवळा." या वयात, सत्तर माणसांसमोर, पाठीवर आडवा! आवळला. तार बांधली. त्यांनी तीन वेळा ओढून बघितली आणि मग गाडीवर हिरवा कागद चिकटवला. आणि तो भोंगेवाला! सांगायची काही गरज होती का? "मंडळी, एका काकांनी स्वतःची चूक स्वतः सांगितली आहे!" टाळ्या! सगळे हातमोजे घालून टाळ्या, थप थप थप. मला अजून संशय आहे, की निम्मे हसत होते.

लेक हेल्मेट चढवून ट्रॅकवर गेली. मी भिंतीशी उभा. ती समोरून गेली की श्वास घ्यायचा, वळणाआड गेली की सोडायचाच नाही. दिवसभर हेच. शेवटच्या पाळीत मात्र ती निम्म्यातच आत आली. धावलो मी! "काय झालं? बोल्ट? तेल?"

तिनं हेल्मेट काढलं. घामानं थबथबलेली. "काही नाही बाबा. मनगटं थकली. अजून दोन फेऱ्या मारायचा मोह होत होता, म्हणून थांबले." आणि मग पाण्याची बाटली माझ्यापुढे करून म्हणाली, "घ्या. तुम्ही सकाळपासून काही घेतलं नाहीये." एवढंच बोलली. परतताना गाडीही तिनं एकटीनंच टेम्पोवर चढवली. मी दोरी धरायला गेलो तर म्हणाली, "राहू दे बाबा."

दुसऱ्या दिवशी नटबोल्टकडे गेलो. माफी मागितली, उघडपणे, भावासमोर, टॉर्चवाल्या बाईंपासून सगळं सांगून. त्यानं स्टूल पुढे केलं. तेव्हापासून माझी स्कूटर त्याच्याकडेच असते, दुसरीकडे कुठल्या तोंडानं नेणार? पण आता काय करतो माहितेय? मी दिसलो की कपाळाला टॉर्च बांधतो, गाडीखाली आडवा होतो, आणि भावाला मोठ्यानं सांगतो, "काकांची आहे रे, सगळे बोल्ट बघ!" आणि दर वेळी, तुम्हाला सांगतो, दर वेळी त्याला एखादा सैल सापडतोच! आता तो आधीपासून सैल असतो, की हा खाली जाऊन… नाही, नाही. मी काही बोलत नाही. स्टुलावर बसतो, आणि निमूटपणे म्हणतो, "हो बाबा, माझाच हात लागला असेल."